विद्युत् वर्चस् व विद्युत् क्षेत्र

एकक धन विद्युत् भार अनंत अंतरावरून एखाद्या बिंदूपर्यंत सावकाश आणण्यास लागणारे कार्य म्हणजे त्या बिंदूचे विद्युत् वर्चस् होय. १ कुलंब भारास १ जूल कार्य लागल्यास ते १ व्होल्ट असते. क्षेत्राची तीव्रता मात्र वर्चसाच्या मूल्यावर नव्हे, तर अंतरानुसार ते किती त्वरेने बदलते यावर अवलंबून असते. या भेदाकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. मायकेल फॅराडे यांनी १८३६ मध्ये धातूने वेढलेली सु. ३·७ मी. बाजूची घनाकार खोली विद्युत् भारित केली व स्वतः आत बसून निरीक्षणे केली. बाहेरील पृष्ठावरून ठिणग्या उडत असताही आतील उपकरणांवर काहीच परिणाम दिसला नाही. कारण आतील वर्चस् उच्च असले, तरी सर्वत्र सारखेच होते.

उघड्या शेतात वीज पडली असता याच्या उलट घडते. आघातबिंदूपासून दूर जावे तसे जमिनीचे वर्चस् झपाट्याने घटते व जवळ उभ्या असलेल्या व्यक्तीच्या दोन पावलांमध्ये वर्चोभेद उत्पन्न होतो. पावले जुळवून उकिडवे बसल्यास तो अल्प राहतो. गुरांच्या पुढील व मागील पायांतील अंतर मोठे असते आणि प्रवाहाचा मार्ग हृदयाजवळून जातो; त्यामुळे झाडाखाली बांधलेली जनावरे सहज दगावतात.