नद्यांचा माग – भाग ९ : उलट्या पाण्याची वाट

मागच्या भागात कॅप्टन चार्ल्स स्टर्टची तुकडी ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरापर्यंत पोहोचली होती. साल १८३०, महिना फेब्रुवारीचा. मरंबिजीतून मरे नदीत आणि मरेतून थेट समुद्रापर्यंत पाण्याची वाट आहे, हे सिद्ध झाले होते. पण मरेचे मुख वाळूने भरलेले होते, त्यातून होडी बाहेर काढणे अशक्य. न्यायला जहाज यावे, ही आशाही फोल ठरली.

उरला एकच मार्ग : आले तसेच परत जायचे.

येताना प्रवाहाची साथ होती. आता तोच प्रवाह समोरून येत होता आणि प्रत्येक मैल दंडांच्या बळावर कापायचा होता. होडीत आठ माणसे : स्टर्ट, त्याचा तरुण सोबती जॉर्ज मॅक्ले आणि सहा जण, काही सैनिक तर काही शिक्षा भोगणारे कैदी. खारवलेले मांस येतानाच पाण्यात भिजून नासले होते, त्यामुळे मुख्य भिस्त मोजक्या पिठावर. पहाटे वल्ही हातात घ्यायची ती अंधार पडेपर्यंत. वल्हवता वल्हवताच माणसांचा डोळा लागे. रात्री तंबूतून स्टर्टच्या कानावर येई, ‘उद्या कॅप्टनला सांगतो, आता होत नाही.’ सकाळ झाली की तोच माणूस निमूटपणे वल्हे उचलायचा.

थोडी साखर शिल्लक होती, जेमतेम सहा पौंड. सगळ्यांत वाटली तर कोणाच्याच वाट्याला धड काही येणार नाही, असे म्हणत त्या सहा जणांनी ती घ्यायचे साफ नाकारले आणि स्टर्ट व मॅक्लेसाठी ठेवायला लावली. उपाशी माणसांनी हे करावे, याहून मोठी दाद कुठल्या नायकाला मिळाली असेल?

२३ मार्चला ते मरंबिजीच्या काठच्या आपल्या तळावर पोहोचले. तिथे अन्न मिळेल, या भरवशावरच इतके दिवस निघाले होते. तळ रिकामा होता. मागे ठेवलेली माणसे सामानासह वरच्या अंगाला निघून गेली होती.

त्यातच नदीला पूर आला. आभाळ कोरडे असले तरी दूर डोंगरात पडलेल्या पावसाचे पाणी खाली उतरत होते. सतरा दिवस त्यांनी या पुराशी झुंज दिली. मॅकनामी नावाच्या कैद्याचे भान सुटले, तो असंबद्ध बडबडू लागला. त्याच्या वाटचे वल्हे इतरांनी ओढले.

११ एप्रिलला स्टर्टने होडी थांबवली. सहा जणांपैकी हॉपकिन्सन आणि मलहॉलंड यांना अन्न आणायला पायी पाठवले. मागे राहिलेल्यांनी शेवटचे पीठही वाटून घेतले. एवढे झेललेली होडी बेवारस सोडायला स्टर्टचे मन धजेना, म्हणून ती जाळली. आणि मग दोघे शिधा घेऊन परतले. हॉपकिन्सनचे गुडघे-घोटे सुजून टम्म झाले होते, पाऊल टाकवत नव्हते, तरी चेहऱ्यावर हसू होते.

२५ मे रोजी तुकडी सिडनीत पोहोचली. जीव कोणाचाच गेला नाही, पण स्टर्टची दृष्टी या दगदगीने अधू झाली आणि पुढे कित्येक महिने तो जवळजवळ आंधळा होता. १८३३ मध्ये त्याचा प्रवासवृत्तांत छापला गेला आणि तीनच वर्षांनी, १८३६ मध्ये, दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत उभी राहिली. नदीकाठच्या मूळ रहिवाशांवर त्याचा काय परिणाम झाला, ते पुढच्या भागात.