जुन्या बुलेटचा ऑइल पंप: बसला म्हणजे जुळला असं नाही

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी आजोबांची कास्ट आयर्न बुलेट उभी आहे आणि तिच्यासाठी वापरलेला ऑइल पंप शोधणं सुरू आहे. रिठदहून पार्ट शोधायचा म्हणजे आधी रिसोड, मग वाशीम, मग अकोला, आणि शेवटी मोबाईलवर फोटो पाहून मागवायचा. फोटोत सगळे पंप सारखेच दिसतात. घोळ तिथंच होतो.

आधी सिस्टीम समजून घेऊ. रेसिंग कार जोरात वळली की इंजिनखालचं तेल एका बाजूला सरकतं आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. म्हणून रेसिंग इंजिनात तेल वेगळ्या टाकीत ठेवतात. याला म्हणतात ड्राय सम्प. 1967 साली आलेलं, फॉर्म्युला वन गाजवणारं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन याच पद्धतीचं. आणि 1955 पासून मद्रासला बनू लागलेली आपली बुलेटही याच जातीची! फरक एवढाच, की तिची तेलाची टाकी क्रँककेसमध्येच, पण वेगळ्या कप्प्यात असते.

टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप असतात. फीड पंप टाकीतलं तेल क्रँकच्या बिग एंडला देतो. रिटर्न पंप खाली साचलेलं तेल उचलून परत पाठवतो. रिटर्नची क्षमता फीडपेक्षा जास्त ठेवलेली असते, म्हणजे खाली तेल साचत नाही. दोन्ही पंप एकाच स्पिंडलवर चालतात आणि त्या स्पिंडलला क्रँकच्या टोकावरचा वर्म फिरवतो.

आता वापरलेला पार्ट घेताना काय बघायचं?

एक, जोडी. फक्त फीड पंप मोठ्या क्षमतेचा टाकला आणि रिटर्न जुनाच ठेवला, तर तेल खाली साचतं, गाडी धूर सोडते, ब्रीदरमधून तेल फेकते. वर्म आणि स्पिंडलही जोडीनंच घ्या. दात झिजलेला स्पिंडल कितीही स्वस्त मिळाला तरी नको. वर्मच्या नटाचे आटे उलटे असतात हे मिस्त्रीला आठवण करून द्या.

दोन, बसणारा पृष्ठभाग. पंपाची डिस्क कव्हरच्या सपाट जागेवर घासून बसवलेली असते. दुसऱ्या इंजिनातली डिस्क तुमच्या कव्हरवर आपोआप बसत नाही. बारीक पेस्टनं घासून घ्यावी लागते, आणि नंतर पेस्टचा कणही राहणार नाही इतकं धुवावं लागतं. खोल ओरखडा असेल तर पार्ट परत करा.

तीन, सील. कव्हरमधून क्रँकमध्ये तेल जातं तिथलं सील नवंच टाका. ते गळलं तर पंप चांगला असूनही तेल बिग एंडपर्यंत पुरेसं पोचत नाही.

मॉडेल आणि वर्षही विक्रेत्याला सांगा. पुढच्या मॉडेलमध्ये पंप बदलत गेलेत.

एवढी काळजी कशाला? कारण बिग एंडमध्ये फ्लोटिंग बुश आहे आणि तो तेलाच्या थरावरच फिरतो. तेल थांबलं की तो धरतो. मग काही शेचा पंप वाचवायला गेलेला माणूस क्रँक उघडून बसतो.

म्हणून पंप बसवल्यावर लगेच रपेट नको. आधी पंपात तेल भरा. इंजिन मंद चालू ठेवून टाकीचं झाकण उघडा, तेल परत येताना दिसलं पाहिजे. मग दोन पंपांच्या मधला फीड प्लग थोडा सैल करा. तिथून तेल पाझरलं तर बिग एंडला तेल जातंय. नाही पाझरलं तर इंजिन लगेच बंद, आणि कव्हर पुन्हा खोला.

पार्ट मागवण्याआधी विक्रेत्याकडून डिस्कच्या खालच्या बाजूचा आणि स्पिंडलच्या दातांचा जवळून काढलेला फोटो मागा. जो द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका. भेटू पुढच्या भागात!