विश्लेषण : ‘शोले’ एकच, मग व्हीसीडीवर अंधूक आणि डीव्हीडीवर स्पष्ट का?

बुलढाणा : मेहकरजवळच्या आमच्या गावात गणेशोत्सवात मंडळ रात्री टीव्ही आणि व्हीसीडी प्लेअर भाड्याने आणायचे. ‘शोले’ हमखास असायचा, तीन डिस्कमध्ये. तिसरी डिस्क लागेपर्यंत वीज टिकते का, हीच खरी उत्कंठा. पुढे वडिलांनी तो संच विकतच घेतला. गेल्या महिन्यात कपाट आवरताना तो सापडला. ४३ इंची टीव्हीला जुना प्लेअर जोडला आणि पाच मिनिटांत वडील म्हणाले, ‘‘डिस्क खराब झाली का रे?’’

डिस्क खराब झालेली नाही. ती पहिल्यापासून अशीच होती. २१ इंची टीव्हीने ते झाकून ठेवले होते.

नेमका फरक किती?

व्हीसीडी म्हणजे साध्या सीडीवर बसवलेला चित्रपट. एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटे, म्हणून सव्वातीन तासांच्या आसपासच्या ‘शोले’ला तीन डिस्क लागतात. पाल पद्धतीच्या व्हीसीडीत चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, म्हणजे साधारण १ लाख पिक्सेल. डीव्हीडीत ७२० बाय ५७६, म्हणजे ४ लाखांहून थोडे जास्त. ब्लू-रेमध्ये २० लाखांहून अधिक आणि ४के ब्लू-रेमध्ये सुमारे ८३ लाख.

पण हे सगळे पिक्सेल चित्रपटाच्या वाट्याला येत नाहीत. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला ‘शोले’ ३५ मिमी कॅमेऱ्याने चित्रित झाला आणि ७० मिमीच्या रुंद पडद्यासाठी मोठा केला गेला. त्या चित्राची रुंदी उंचीच्या २.२ पट. ते व्हीसीडीच्या चौकटीत पूर्ण बसवायचे तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि २८८ पैकी जेमतेम १७५ ओळी हाती राहतात. एवढ्याशा चित्राला आजचा टीव्ही ताणून ४३ इंच करतो. दुसरे काय दिसणार?

डीव्हीडीतही एक मेख आहे. ‘अॅनामॉर्फिक’ म्हणजे १६:९ प्रकारची डिस्क असेल तर याच चित्राला सुमारे ४६५ ओळी मिळतात, जुन्या ४:३ प्रकारची असेल तर ३४९. दोन्हींवर ‘डीव्हीडी’च लिहिलेले असते. घरी ओळखायची खूण सोपी : नव्या टीव्हीवर रुंद चित्रपट लावल्यावर चारही बाजूंनी काळी चौकट दिसली, तर डिस्क दुसऱ्या प्रकारची.

तीन प्रसंग लावून पाहा

शेजारच्या काकांकडून डीव्हीडी आणली आणि दोन्ही पाळीपाळीने लावल्या. सुरुवातीचा मालगाडीवरचा हल्ला घ्या. घोडे, धूर, धूळ. पडद्यावरचा प्रत्येक कोपरा हलतो आहे. व्हीसीडीला चित्रासाठी सेकंदाला साधारण साडेअकरा लाख बिटच मिळतात, प्रसंग शांत असो की धावपळीचा. ते पुरले नाहीत की धुळीचे चौकोनी ठोकळे होतात. डीव्हीडी अवघड प्रसंगाला जास्त बिट देऊ शकते, जास्तीत जास्त ९८ लाखांपर्यंत. तिथे घोड्यांचे पाय मोजता येतात.

होळीत वेगळीच गंमत. या डिस्क रंगांची माहिती उजेडाच्या माहितीच्या चौथाईच साठवतात, कारण डोळ्याला रंगातला बारकावा कमी कळतो. व्हीसीडीत त्यामुळे रंगासाठी उरतात १७६ बाय १४४ ठिपके. गुलाल कपड्यांच्या कडा सोडून शेजारच्या माणसावर ओघळतो. होळीच म्हणून चालून गेले असेल!

आणि रात्री जय माउथ ऑर्गन वाजवतो, राधा एकेक दिवा मालवते तो प्रसंग. छायाचित्रणकार द्वारका दिवेचा यांनी तिथे अंधाराच्या कितीतरी छटा ठेवल्या आहेत. आमच्या व्हीसीडीवर त्यांच्या चार-पाच करड्या पायऱ्या झाल्या होत्या. माझ्या मते व्हीसीडीने सर्वांत जास्त नुकसान याच प्रसंगाचे केले.

मग ब्लू-रे घेतला की झाले?

नाही. डिस्कचा प्रकार फक्त कमाल मर्यादा सांगतो. डिस्क कोणत्या रिळावरून बनवली, हे आवरणावर बहुधा लिहिलेले नसते. प्रिंट ओरखड्यांनी भरलेली असेल तर ब्लू-रे ते ओरखडेच अधिक ठसठशीत दाखवणार.

‘शोले’चेच पाहा. मूळ कॅमेरा निगेटिव्ह खूप खराब झालेले आढळले. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्ससोबत लंडनच्या गोदामात ठेवलेल्या रिळांचाही आधार घेऊन ४के पुनरुज्जीवन केले. ती प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली आणि १२ डिसेंबर २०२५ रोजी भारतातील चित्रपटगृहांत आली. ठाकूर गब्बरला मारतो तो मूळ शेवटही, जो आणीबाणीच्या काळात सेन्सॉरमुळे बदलावा लागला होता, त्यात आहे. आमच्या तीन डिस्कमधून हे कुठल्याही महागड्या टीव्हीने निघाले नसते. टीव्हीतले ‘अपस्केलिंग’ कडा धारदार करते, जे साठवलेलेच नाही ते आणू शकत नाही.

कपाटातल्या डिस्कचे काय करायचे?

चित्रपटाची काळजी करू नका. तो दुसरीकडे मिळेल. आधी लग्नाच्या, बारशाच्या डिस्क शोधा. कारखान्यात छापलेली डिस्क खालून रुपेरी दिसते (खामगावच्या चांदीशी संबंध नाही, ते अॅल्युमिनियम असते). स्टुडिओवाल्याने संगणकावर भरलेली बहुतेकदा हिरवट किंवा निळसर. तिच्यात माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि उन्हाने, उष्णतेने तो थर बिघडतो. आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याखालची पेटी, विचार करा.

डीव्हीडी ड्राइव्ह असलेला संगणक मिळवा. व्हीसीडीतील ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधल्या ‘डॅट’ फायली जशाच्या तशा दोन ठिकाणी कॉपी करा. त्या व्हीएलसी प्लेअरवर चालतात. दुकानात ‘एचडी करून देतो’ म्हणाले तरी मूळ फाइल जपून ठेवा.

आत्याच्या २००४ मधल्या लग्नाच्या दोन व्हीसीडी आमच्याकडे आहेत. आजोबा चालता-बोलताना फक्त त्यांतच दिसतात. पहिली उतरली. दुसरी मंगलाष्टकांच्या आधी अडकते. चिखलीच्या मित्राकडे जुना ड्राइव्ह आहे, रविवारी तिथे लावून पाहणार आहे.