पोवळं पांढरं का पडतं?

गडमुडशिंगीहून सकाळी निघालं की फोंडा घाट उतरून दुपारच्या जेवणाला मालवण. होस्टेलची आमची ट्रिप गेली तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग केलं. खाली जे दगड वाटत होते ते प्रवाळ निघाले. आजीच्या अंगठीतल्या पोवळ्याचे लांबचे नातेवाईक! (अंगठीतलं पोवळं खोल पाण्यातलं, त्याची गोष्ट वेगळी.)

प्रवाळ हा प्राणी आहे. इवलेसे जीव वसाहत करून राहतात आणि खाली चुन्याचा सांगाडा रचतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून असतं. ते प्रकाशावर साखर तयार करतं आणि भाडं म्हणून मालकाला देतं. मालकाची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा यातून येऊ शकते. रंगही बहुतेक भाडेकरूचाच.

पाणी तापलं की शैवालाची यंत्रणा बिघडते. ऊन तेवढंच, पण ते वापरता येत नाही आणि ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात. मग प्रवाळ भाडेकरूला हाकलतं. पारदर्शक अंगातून पांढरा चुना दिसू लागतो. हेच ब्लीचिंग. पण पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, उपाशी. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं.

'वेळेत' म्हणजे किती? मेकॅनिकलवाल्यांनी क्रीप आठवावा. नुसतं तापमान नाही, ते किती काळ टिकलं हे महत्त्वाचं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या सर्वांत गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी किमान १ अंश जास्त असेल, तर तो फरक अमेरिकेची 'नोआ' संस्था १२ आठवडे बेरजेत धरते. बेरीज ४ झाली की ब्लीचिंगचा धोका, ८ झाली की प्रवाळ मरू लागतात. म्हणजे २ अंश, चार आठवडे, खेळ खल्लास. आपल्या गिझरच्या पाण्यात २ अंशांचा फरक कुणाला कळतो? (गिझर चालू असला तर!)

लक्षद्वीपला हा फटका १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये बसला. दोन फटक्यांमध्ये सावरायला वेळच मिळत नाही. तिथली बेटंच प्रवाळाची, समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर उंच. लाटांचा जोर बाहेरची रीफ मोडते. प्रवाळ मेले की ही भिंत झिजते, डागडुजी करणारं कुणी उरत नाही.

मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तरी तिथल्या प्रवाळांचंही ब्लीचिंग गोव्याच्या एनआयओच्या संशोधकांनी २०१४ साली नोंदवलं. अभयारण्याची हद्द गरम पाण्याला थोडीच अडवते?

तिथलं गोलसर 'पोराइट्स' प्रवाळ वर्षाला साधारण १ सेंटीमीटर वाढतं. आमच्यातला एकजण फोटोसाठी ज्याच्यावर उभा राहिला, ते गुडघ्याएवढं उंच होतं.