पिसांची माशी आणि कृष्णेतला महासीर

मासेमारी म्हटली की कृष्णाकाठच्या माणसाच्या डोळ्यांसमोर दोन चित्रे येतात. एक, जाळे फेकणाऱ्या भोयाचे. दुसरे, वेळूच्या काठीला तंगूस बांधून, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून तासन्‌तास बसलेल्या पोराचे. या दोन्हींहून वेगळी अशी मासेमारीची एक तिसरी तऱ्हा आहे. तिच्यात गळाला खाद्य लावतच नाहीत. पिसे, केस आणि रंगीत दोरा गळाभोवती गुंडाळून हुबेहूब माशी तयार करायची आणि ती पाण्यावर अशी उतरवायची की माशाला ती खरी वाटावी. इंग्रजीत याला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात.

ही कला जुनी आहे. मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून आणि पिसे लावून मासे धरतात, असे एलियन या रोमन लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. पुढे युरोपातल्या थंड पाण्याच्या ओढ्यांत ट्राउट माशासाठी ती वाढली. अमेरिकेत मात्र उन्हाळ्यात कोमट होणाऱ्या नद्यांतही ती रुजली. तिथे या शौकिनांचा आवडता मासा म्हणजे स्मॉलमाउथ बास. आपल्या कृष्णा, कोयना, वेण्णा, वारणा या नद्याही उबदार पाण्याच्याच. मग सातारा-सांगलीच्या नद्यांत ही माशी चालेल का? तिला उत्तर देईल असा मासा आपल्याकडे आहे का?

आधी या कलेतली युक्ती समजून घेऊ. साध्या गळाला शिशाचा तुकडा असतो. त्याच्या वजनाने दोरी लांब जाते. पिसांच्या माशीला वजनच नसते. वाळलेले पान कितीही जोरात फेकले तरी पायाशीच पडते, तशी तिची गत. म्हणून इथे वजन दोरीलाच दिलेले असते. आठ-नऊ फुटांची लवचीक काठी मागे-पुढे हलवली की जाड दोरी हवेत उलगडत जाते आणि तिच्या टोकाच्या बारीक तंगुसाला बांधलेली माशी अलगद पाण्यावर टेकते. काही माश्या तरंगणाऱ्या असतात, काही बुडून तळाच्या अळीसारख्या वाहत जातात, तर काही छोट्या माशाचे सोंग घेतात.

मात्र ताकदीपेक्षा नजर महत्त्वाची. माशाला दोन गोष्टी हव्या असतात, खाणे आणि विसावा. वाहती धार खाणे आणते, पण धारेत उभे राहायला शक्ती खर्च होते. म्हणून तो मोठ्या दगडाच्या आडोशाला, धार आणि डोह जिथे मिळतात त्या कडेला थांबतो. शिवाय पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंश तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणूनच उन्हाळ्यात मासे पहाटे आणि सांजेला खळाळाजवळ येतात. दगडांवर आपटून पाण्यात हवा मिसळते, ती तिथेच.

आता आपल्याकडच्या माशाकडे वळू. तो आहे दख्खनचा महासीर, म्हणजे आपल्या जुन्या जाणत्यांचा खडशी. मोठाले चमकदार खवले, ओठांजवळ मिशांच्या दोन जोड्या, जबड्यात दात नाहीत पण घशात भक्कम दात. किडे, खेकडे, शिंपले, लहान मासे, काठच्या झाडांची पडलेली फळे, सारे तो खातो. वरून पडणाऱ्या गोष्टीकडे त्याची नजर असते, म्हणून पिसांच्या माशीला तो फसतो.

या माशाचे शास्त्रीय नावही आपल्या मातीतले आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नावे देताना त्याने लॅटिन शब्दांच्या जोडीला इथल्या लोकांच्या तोंडची नावे घेतली. त्यामुळे आज जगभरचे शास्त्रज्ञ या महासीराला ‘टॉर खुद्री’ म्हणतात. कोळस, नुक्ता, बोगट, फुलुंगी, पोटील ही नावेही अशीच शास्त्रात गेली. आपल्या नद्यांतील माशांची नावे जगाच्या ग्रंथांत आहेत, पण इथल्या मंडईत कटला, रोहू आणि चिलापी यांचीच नावे ऐकू येतात.

असे का झाले? पावसाळ्याच्या सुरुवातीला नवे पाणी आले की अनेक मासे वरच्या अंगाला चढतात आणि दगडगोट्यांच्या उथळ तळावर अंडी घालतात. आपण त्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतो. महासीरही असाच चढतो. पण आज वाईजवळ धोम, साताऱ्याजवळ कण्हेर, पाटण तालुक्यात कोयना अशी धरणे आहेत, आणि त्यांच्या खाली ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. शेतीला आणि विजेला त्यांची गरज आहेच. पण माशाच्या दृष्टीने वाट तुटली. वाळू उपशाने गोट्यांचा तळ गेला. जे थोडे मासे चढतात तेही अंडी घालण्याआधीच सापळ्यात जातात. खाली सांगलीकडे तर निराळेच संकट. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला होता. पाण्यातला प्राणवायू संपला की मासा गळ गिळत नाही आणि जाळ्यातही सापडत नाही. तो थेट काठाला लागतो.

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे पिल्ले आणून सोडणे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महासीराची कृत्रिम पैदास यशस्वी केली, हे मोठेच काम झाले. पण त्याच दख्खनी महासीराची पिल्ले दक्षिणेत कावेरीत सोडली गेली. तिथे पाठीवर उंचवटा असलेला, त्या नदीखेरीज कुठेही न मिळणारा महासीर होता. पाहुणा वाढत गेला आणि घरचा मासा विरळ होत गेला. २०१८ मध्ये त्या मूळ माशाची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ म्हणून नक्की झाली आणि त्याच वर्षी तो जगातल्या अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. एका नदीचे लेकरू दुसऱ्या नदीत उपरे ठरू शकते, ते असे.

अमेरिकेतल्या त्या बास माशानेही हाच धडा दिला आहे. शौकिनांनी तो दक्षिण आफ्रिकेत नेला. तिथल्या छोट्या नद्यांतले स्थानिक मासे त्याने खाऊन संपवले. शेवटी रोंडेगाट नावाच्या नदीच्या सुमारे ४ किलोमीटरच्या पट्ट्यात २०१२ आणि २०१३ मध्ये मत्स्यविष घालून बास काढावा लागला, तेव्हा कुठे स्थानिक मासे परतले. तेव्हा आपल्या नदीत खेळासाठी परका मासा आणू नये. आपला मासा आणायचा असला, तरी आधी त्याला राहण्याजोगी नदी हवी.

ती राखता येते. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून गावाने महासीर जपले आहेत. तिथे कोणी गळ टाकत नाही. श्रद्धेने राखलेला एक डोह पुष्कळ काही शिकवतो. नदीचे काही डोह आणि काही खळाळ बिनहाताचे राहिले पाहिजेत. जून-जुलैत चढणीचे मासे मारू नयेत, हा नियम ग्रामसभेने मनावर घेतला तर त्याला खर्चही येत नाही.

कुणाला पिसांची माशी घेऊन उतरायचेच असेल, तर काही पथ्ये आहेत. कोयनेचे अभयारण्य वर्ज्य समजावे. तलावांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यांना विचारावे. धरणाखाली पाणी अचानक वाढते, तेव्हा पात्रात दूर जाऊ नये. भिलवडी, औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेत मगरी आहेत. तिथे पाण्यात पाय घालण्याचे धाडस करू नये. गळाला काटा नसावा. मासा ओल्या हातांनी धरावा आणि प्रवाहाकडे तोंड करून लगेच सोडावा. भर उन्हाळ्यात दुपारी तर गळ टाकूच नये, कारण झुंजून थकलेला मासा प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात सोडल्यावरही मरतो.

आणि काठी नसली तरी एक परीक्षा कुणालाही करता येईल. हिवाळ्यात खळाळातला एखादा दगड उलटून पाहावा. त्याला तीन शेपट्यांच्या अळ्या, वाळूचे कण चिकटवून घर केलेले किडे दिसले, तर त्या पाण्यात माशाला खाणे आहे. नुसते काळे शेवाळ आणि चिखल हाताला आला, तर पिल्ले सोडण्याचा समारंभ पुढे ढकलावा आणि वरच्या अंगाला नदीत काय सोडले जाते, ते आधी पाहावे.