पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पण तुमच्या घराची आणि गाडीची किती?

जुलै उजाडला की कोल्हापूरकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'गुड मॉर्निंग'च्या आधी एक आकडा येऊन पडतो. राजाराम बंधारा, सकाळी अमुक वाजता, इतके फूट इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथं शाळेतली पोरंही सांगतात.

पण ४३ हा नदीचा आकडा आहे, तुमच्या घराचा नाही. कुणाच्या गल्लीत त्याच्या आधीच पाणी शिरतं, तर कुणाच्या दारात ५० फुटांनाही येत नाही. त्यामुळे पावसाळ्याआधी प्रत्येकानं स्वतःचा आकडा काढून ठेवायला हवा. तो कसा काढायचा आणि त्यानुसार काय करायचं, तेच पाहू.

हा आकडा येतो कुठून?

कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजली जाते. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या नद्यांच्या खोऱ्यांत पडलेला पाऊस शेवटी इथूनच पुढे जातो.

त्यात भर पडते राधानगरी धरणाची. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सातही उघडले की जवळपास १० हजार क्युसेक पाणी नदीत येतं. हे पाणी शहरापर्यंत यायला काही तास लागतात. म्हणून 'राधानगरीचे दरवाजे उघडले' हा मेसेज नुसता फॉरवर्ड करायचा नसतो, तो आल्यावर घरातल्या वस्तू हलवायला घ्यायच्या असतात.

नदी लांब आहे, तरी पाणी घरात कसं येतं?

शहराचं पाणी जयंती नाल्यातून पंचगंगेकडे जातं. नदी चढली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे फुगत येतं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, सुतारवाडा या भागांत नदी डोळ्यांना न दिसताही पाणी येतं ते यामुळेच.

घरातही तेच होतं. पाणी दारातून येण्याआधी मोरीच्या जाळीतून आणि कमोडमधून वर येतं. उंबऱ्याला वाळूची पोती लावली आणि मोरी उघडी ठेवली, तर फारसा उपयोग नाही. वाळू भरलेली जाड पिशवी मोरीवर आणि कमोडमध्येही घट्ट बसवावी लागते.

मागच्या पुराची खूण का फसवते?

'२००५ ला इथवर आलं होतं, त्याच्या वर येत नाही.' ऑगस्ट २०१९ मध्ये अनेकांनी याच भरवशावर सामान माळ्याऐवजी टेबलावर ठेवलं. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मग २०१९ ची खूण शेवटची मानली गेली आणि जुलै २०२१ मध्ये नदीनं ५६ फूट ओलांडले. जुनी खूण एवढंच सांगते की किमान इतकं पाणी येऊ शकतं. त्याच्या वर येणार नाही, याची हमी ती देत नाही.

स्वतःचा आकडा कसा काढायचा?

गल्लीच्या तोंडाला पहिल्यांदा पाणी आलं, तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर किती फूट होतं? २०१९, २०२१ किंवा ४७ फूट ओलांडलेला जुलै २०२४ चा पूर आठवा. त्या दिवसाची बातमी किंवा मोबाइलमधल्या फोटोची वेळ पाहिली तरी उत्तर मिळतं. नवीन राहायला आला असाल तर शेजारच्या काकूंना विचारा.

समजा उत्तर ४५ आलं. मग तयारी ४३ ला पूर्ण झालेली हवी. शहरात जोराचा पाऊस असेल तर नाला लवकर फुगतो, म्हणून हे दोन फूट हाताशी ठेवायचे.

आकडा गाठण्याआधी घरात काय करायचं?

• कागदपत्रं, दागिने, औषधं एका पिशवीत भरून वरच्या मजल्यावर ठेवा. कागदपत्रांचे फोटो मोबाइलमध्ये घ्या.
• फ्रीज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टरची बॅटरी उंचावर हलवा.
• घर सोडताना मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करा. पाणी शिरल्यावर मात्र ओल्या हातानं स्विचबोर्डला शिवू नका. वीज कंपनीला १९१२ वर कळवा.
• सिलिंडर साखळीनं बांधा, नाहीतर तो तरंगत जातो.
• म्हातारी माणसं, लहान मुलं आणि जनावरं आधी हलवा. रात्र व्हायची वाट बघू नका.

गाडीचा आकडा वेगळा

बेसमेंटमध्ये किंवा खोलगट पार्किंगमध्ये गाडी असेल, तर तिचा आकडा घरापेक्षा कमी. ती सगळ्यात आधी उंच भागातल्या पाहुण्यांकडे नेऊन लावा.

चालकांसाठी बातमीतला दुसरा आकडाही महत्त्वाचा आहे, तो म्हणजे किती बंधारे पाण्याखाली गेले. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बुटके असतात आणि गावांची ये-जा त्यांच्यावरूनच चालते. पावसाळ्याआधी त्यांचे बरगे काढतात, तरी पूर आला की पाणी वरून वाहतं. गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीला आणि रत्नागिरी रस्त्यावर केर्लीला पाणी येतं, हेही नेहमीचंच. २०१९ आणि २०२१ मध्ये तर शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्गच बंद पडला होता.

'रोजचा रस्ता आहे, जाईल गाडी' हा हिशेब इथं चुकतो. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी माणसाचा पाय सुटू शकतो. एक फूट पाण्यात छोटी कार सरकते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. आणि गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचलाय, हे वरून दिसत नाही. परत फिरा. अडकलात तर ११२, किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

पाणी ओसरल्यावरची महागडी चूक

पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाही फुगलेली असली की इथलं पाणी सावकाश उतरतं. तेवढे दिवस गाडी पाण्यात राहते आणि पाणी गेल्यावर मालक पहिलं काम करतो ते म्हणजे चावी फिरवून बघणं.

नेमकं हेच करायचं नाही. इंजिनात पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साफसफाईत भागलं असतं, तिथं अख्खं इंजिन खोलावं लागतं. बॅटरीची वायर काढा, गाडी उचलून गॅरेजला न्या. इलेक्ट्रिक स्कूटर तपासल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

घरातही वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका. पुराच्या पाण्यात वावरला असाल आणि ताप आला, तर लेप्टोची शंका डॉक्टरांकडे बोलून दाखवा.

विमा आणि पंचनामा

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं नुकसान मिळत नाही. त्यासाठी 'ओन डॅमेज' असलेली पॉलिसी लागते. पाण्यातली गाडी चालू करून इंजिन गेलं, तर इंजिन प्रोटेक्शन घेतलेलं नसल्यास क्लेम अडू शकतो. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे, त्यात पूर येतो. पण विमा पाणी दिसायच्या आधी काढलेला हवा.

आणि चिखल काढायच्या आधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं सामान, गाडीचा नंबर दिसेल असा फोटो. पंचनाम्याला तलाठी आणि विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत घर धुऊन निघालेलं असतं, तेव्हा हे फोटोच कामाला येतात.

तुमचा आकडा निघाला की तो मीटरच्या पेटीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. म्हणजे तुम्ही घरी नसलात तरी सामान कधी हलवायचं, हे घरातल्या कुणालाही कळेल.