पेट स्कॅन आणि संगणकाची नजर



गटसभांना गेलो की हल्ली उसाखेरीज एक वेगळाच प्रश्न आम्हाला विचारला जातो. "साहेब, कॅन्सरच्या तपासणीत म्हणे साखर टोचतात, आणि रोग संगणकच सांगतो. खरं का?" त्यासाठी ही थोडी माहिती.

या तपासणीला पेट स्कॅन म्हणतात. कॅन्सरच्या बऱ्याच गाठी ग्लुकोज अधाशासारखे ओढून घेतात. म्हणून ग्लुकोजसारख्याच पदार्थाला किरणोत्सारी फ्लोरीन जोडून तो शिरेतून देतात. तासाभराने यंत्र चित्र घेते. जिथे तो पदार्थ जास्त साठला, ती जागा उजळ दिसते. या फ्लोरीनचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. माणसावर हा प्रयोग प्रथम १९७६ साली अमेरिकेत झाला. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ही सोय २००२ साली आली.

आता संगणकाचे काम. एक, कमी औषधात घेतलेले अंधुक चित्र तो स्वच्छ करतो. दोन, संशयित गाठींवर खूण करतो. हे तो शिकतो कसा? मुरलेला शेतकरी हजारो बेटे पाहून काणी ओळखतो, तसाच. जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या रुग्णालयाने ९०० रुग्णांच्या १,०१४ तपासण्या, तज्ज्ञांनी गाठी आखून, २०२२ साली अभ्यासासाठी खुल्या केल्या. अशा चित्रांवर संगणक तयार होतो.

पण मेख इथेच आहे. क्षयाची किंवा जंतुसंसर्गाची गाठही याच चित्रात उजळ दिसते. जर्मनीत क्षय कमी, आपल्याकडे जास्त. तिकडच्या चित्रांवर शिकलेला संगणक इकडच्या क्षयाला कॅन्सर समजू शकतो. बाहेरचे बेणे आपण आपल्या रानात पारखल्याशिवाय लावत नाही, तोच न्याय इथे लावावा.

म्हणून सभासदांनी एवढे ध्यानात ठेवावे :

१) उजळ ठिपका म्हणजे कॅन्सरच, असे समजून खचू नये. निदान डॉक्टरच करतात; गरज पडल्यास गाठीचा तुकडा तपासतात.

२) पूर्वी क्षय झाला असेल, तर आधीच सांगावे.

३) तपासणीला सांगितल्याप्रमाणे उपाशीपोटी जावे. मधुमेह असल्यास, गरोदरपण असल्यास किंवा अंगावर पाजत असल्यास न लपवता सांगावे.

४) जुने रिपोर्ट व चित्रे जपून ठेवावीत व सोबत न्यावीत.

संगणक डॉक्टरांच्या हाताखालचा चांगला गडी आहे. कारभार मात्र डॉक्टरांच्याच हाती असावा.

– ऊस विकास अधिकारी